पत्ता पुण्याचा, शाई बीडची!

नोकरी पुण्यात, फ्लॅट पुण्यात, आणि मतदारयादीतलं नाव मात्र अजून गावाकडं? मग आपण एकाच गाडीतले प्रवासी आहोत. पण कायद्याच्या लेखी आपण नेमके कुठले?

रविवारी रात्रीची ट्रॅव्हल्स. खराडी बायपासला गाडीत चढलो तर अर्धी गाडी ओळखीची निघाली. कोणी मगरपट्ट्यात कामाला, कोणी हिंजवडीत. सगळ्यांचं सोमवारचं काम एकच, मतदान. तारीख होती १३ मे २०२४. गंमत बघा, त्याच दिवशी पुण्यातही मतदान होतं. माझ्या फ्लॅटपासून पाच मिनिटांवर बूथ, आणि मी निघालो होतो रात्रभर प्रवास करून पाटोदा तालुक्यातल्या आमच्या गावी!

४ जूनला निकाल लागला. बीडमध्ये बजरंग सोनवणेंनी पंकजा मुंडेंना हरवलं, फक्त ६,५५३ मतांनी. सहा विधानसभा मतदारसंघांच्या लोकसभेत एवढासा फरक! ऑफिसात मी दोन दिवस कॉलर ताठ करून फिरलो. ‘बघा, आमच्याकडं एकेक मत मोजून घेतात.’ (मत कुणाला दिलं ते मात्र विचारू नका.)

माझी कॉलर खाली आली ती आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये. विषय नेहमीचाच, पाण्याचे टँकर. एक इच्छुक उमेदवार आले होते. मी तावातावानं उठलो, टँकरचा महिन्याचा खर्च ऐकवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘साहेब, तुमचं मतदान कुठंय?’

‘बीड जिल्ह्यात.’

‘अस्सं,’ म्हणाले आणि शेजारच्या काकूंकडं वळले. संपला विषय!

त्या रात्री मी पहिल्यांदा कायदा वाचायला बसलो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५०. त्याच्या कलम १९ नुसार मतदार व्हायला वयाची अठरा वर्षं पूर्ण हवीत आणि तुम्ही त्या मतदारसंघाचे ‘सर्वसाधारण रहिवासी’ हवेत. म्हणजे काय, ते कलम २० मध्ये. तिथं माझी पहिली विकेट पडली. एखाद्या ठिकाणी तुमचं घर आहे, एवढ्यावरून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही! गावचा वाडा, अण्णांच्या नावची जमीन, ओसरीवरचा माझा जुना पलंग, यातलं काहीच इथं उपयोगाचं नाही. तुम्ही एरवी राहता कुठं, रोज रात्री पाठ टेकता कुठं, हा खरा प्रश्न. बेघर माणसाचं नाव नोंदवतानाही बूथ लेव्हल ऑफिसर रात्री जाऊन तो खरंच तिथं झोपतो का, हे बघतो. आणि मी? गेली नऊ वर्षं खराडीत झोपतोय. गावी दिवाळी, जत्रा आणि एखादं लग्न.

दुसरी विकेट त्याच कलमात. तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणसाचं रहिवासीपण जात नाही. मला एकदम आमचे तात्या आठवले.

तात्या म्हणजे माझे चुलते. ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळी झाली की टोळीबरोबर कोल्हापूर-सांगलीकडं निघायचं. तिथं कोपीत राहून पाच-सहा महिने ऊस तोडायचा आणि उन्हाळ्यात परत. वर्षातले निम्मे दिवस ते गावात नसतात. तरी कायद्यानं गावचे रहिवासी तेच. कारण त्यांचं जाणं परत येण्यासाठी असतं.

पण नाव बरोबर जागी असूनही २०२४ च्या विधानसभेला तात्यांचं मत हुकलं. गाळप हंगाम सुरू व्हायचा होता १५ नोव्हेंबरला आणि मतदान होतं २० नोव्हेंबरला. टोळी आधीच गेलेली. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळते ती माझ्यासारख्याला. उचल घेतलेला माणूस कोयता खाली ठेवून एका दिवसासाठी बीडला कसा येणार? टपाली मतदान सैनिकांना आहे, निवडणूक ड्युटीवरच्यांना आहे, पंच्याऐंशीच्या पुढच्यांना आहे. ऊसतोड कामगाराला नाही. निवडणूक आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला होता. एकाच बूथवरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल, असं ते यंत्र. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं, विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या, आणि २०२४ च्या दोन्ही निवडणुका त्या यंत्राशिवायच झाल्या.

म्हणजे ज्याचं नाव गावात असायलाच हवं, त्याला मत देता येत नाही. आणि ज्याचं नसायला हवं, तो एसी ट्रॅव्हल्सनं जाऊन देऊन येतो!

मागच्या महिन्यात अण्णांना फोन केला. म्हटलं, नाव पुण्याला हलवतोय.

बराच वेळ पलीकडून काही आवाजच नाही. मग म्हणाले, ‘नाव काढलंस म्हंजी गावातून उठलास की रे. उद्या जमिनीचं काय?’

मी समजावलं. सातबारा वेगळा, मतदारयादी वेगळी. यादीतून नाव गेल्यानं जमीन जात नाही, वारसा जात नाही. मग त्यांना कलम २० सांगितलं, तात्यांचं उदाहरण देऊन.

अण्णा हसले. ‘म्हंजी कायद्याच्या हिशोबानं तात्या गावचा अन् तू पाव्हणा.’

त्याच रात्री फॉर्म भरला. खरं सांगू? ‘सबमिट’वर बोट ठेवताना पोटात खड्डा पडला. पण टँकर रोज सकाळी इथं येतो, आणि मला त्याच्याबद्दल विचारायचंय.

चौकट : नाव हलवायचंय?

• पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८. मतदारसंघ बदलला तरी हाच. पहिल्यांदाच नोंदणी करताय? मग फॉर्म ६. दोन्ही ऑनलाइन भरता येतात. अडलं तर हेल्पलाइन १९५०.

• पत्त्याच्या पुराव्यासाठी आधार, पासपोर्ट, बँकेचं पासबुक किंवा नोंदणीकृत भाडेकरार चालतो. भाड्यानं राहणाऱ्यांनाही पूर्ण हक्क आहे.

• ‘सहा महिने राहिल्याशिवाय नाव लागत नाही’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. कायद्यात अशी मुदत नाही.

• होस्टेलवरच्या विद्यार्थ्यांना घर किंवा होस्टेल यातला एक पत्ता निवडता येतो.

• दोन ठिकाणी नाव ठेवायचा मोह टाळा. कलम १७ नुसार ते चालत नाही. आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर कलम ३१ आहे : एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

• निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की यादीत बदल होत नाही.