बादियान मागितले, पुडीत काय आले?

नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावांच्या आठवडी बाजारात आम्ही बरीच वर्षे कापडाचे दुकान लावीत आलो आहोत. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. त्यामुळे 'नागझिरा' हे नाव प्रथम ऐकले तेव्हा आम्हाला मसाल्यातला जिराच आठवला, आणि या जंगलात जिरे पिकते काय, असे आम्ही एका वनमजुराला विचारलेसुद्धा. तो पोट धरून हसला. इथला झिरा म्हणजे पाण्याचा बारमाही झरा. जंगलात नागाचे देवस्थान आहे, म्हणून नागझिरा. जवळच्या पिटेझरी, मंगेझरी या नावांतही तेच पाणी आहे. तेव्हा हसण्यावारी गेले. पुढे अशाच एका शब्दाने आम्हाला रात्रभर जागविले, ती हकिकत व्यापारी बांधवांच्या कामाची आहे म्हणून लिहीत आहोत.

2011 च्या पावसाळ्यात आमच्या भाचीचे दोन महिन्यांचे बाळ पोटदुखीने सारखे रडत होते. नात्यातल्या एका बुजुर्गांनी जुना नुस्खा उर्दूत लिहून दिला. त्यात पहिलेच नाव होते बादियान. बाजाराचा दिवस होता. शेजारच्या मसाल्याच्या दुकानी आम्ही मोठ्या ऐटीत 'बादियान द्या' म्हटले. दुकानदाराने आठ पाकळ्यांची तपकिरी चांदणी, म्हणजे चक्रीफूल, पुडीत बांधून दिले. आम्ही उघडून पाहिले नाही. आपांनी, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीने, ते उकळून काढा केला आणि नातवाला चमचा-दोन चमचे पाजला. दोन तासांत बाळाला उलट्या सुरू झाल्या, अंग थरथरू लागले. रात्रीच गोंदियाला दवाखान्यात न्यावे लागले. सकाळपर्यंत बाळ सावरले, अल्लाहचा शुक्र आहे.

दुकानदाराचा यात काडीचा दोष नव्हता. मराठी आणि हिंदी मसाल्याच्या बाजारात बादियान म्हणजे चक्रीफूलच. पण युनानी नुस्ख्यात नुसते 'बादियान' लिहिले की ती आपली रोजची सौंफ, मराठीत बडीशेप. अर्क-ए-बादियान म्हणजे बडीशेपेचा अर्क. चक्रीफुलाला हकीम 'बादियान-ए-खताई' म्हणतात. खता म्हणजे चीन, आणि हे फूल मूळचे तिकडचेच. आजही चीन आणि व्हिएतनाममधून ते येते. म्हणजे एकच शब्द, गल्ल्याच्या अलीकडे एक वस्तू आणि पलीकडे दुसरी. आमच्या धंद्यात याच्या उलट आहे. भंडाऱ्याकडे ज्याला कोसा म्हणतात त्याला भागलपूरकडे टसर म्हणतात, किडा तोच. एका मालाला दोन नावे असली तर फार तर भावात घासाघीस होते. एका नावाखाली दोन माल असले तर काय होते ते आम्ही त्या रात्री पाहिले.

यात तिसरी वस्तूही आहे, अनीसून. इब्ने सीनांच्या 'अल-कानून'मध्ये तिचा उल्लेख आहे, आणि मिसरमध्ये 'यानसून' म्हणून ती घरोघरी चहासारखी उकळून पितात. आपल्याकडे काही जण तिला विलायती बडीशेप म्हणतात. चौथी बाळंतशेप, म्हणजे शेपूचे बी. बाळंतिणीच्या सुपारीत ओवा, तीळ, खोबऱ्याबरोबर जाते ती हीच, आणि ग्राईप वॉटरमध्ये पूर्वापार हिचेच तेल घालीत आले आहेत.

चौघींचा वास-गोडवा थोडाफार जुळतो म्हणून घोटाळा वाढतो. बडीशेप, अनीसून आणि चक्रीफूल या तिन्हींत अॅनेथॉल नावाचे एकच सुगंधी द्रव्य मुख्य आहे. पण बडीशेप, अनीसून आणि बाळंतशेप या कोथिंबिरीच्या घराण्यातल्या, तर चक्रीफूल हे एका सदाहरित झाडाचे फळ. हातावर घेऊन पाहिले तर ओळख कठीण नाही. बडीशेप लांबट, हिरवट-पिवळी, उभ्या शिरांची. अनीसूनचा दाणा त्याहून बराच लहान, गोलसर, करडा, पुष्कळदा बारीक देठ चिकटलेला. बाळंतशेप चपटी, कडेला फिकट किनार. उर्दूत काहीही लिहिलेले असो, डोळे मराठीच ठेवावेत.

चक्रीफुलात आणखी एक फसवी जात आहे. जपानमध्ये याच घराण्यातले 'शिकिमी' नावाचे झाड होते, त्याचे फळ विषारी. ते आकाराने लहान, पाकळ्या वेड्यावाकड्या, टोक आकडीसारखे वळलेले, वास बडीशेपेसारखा गोड नसतो. अख्खे असले तर जाणकाराला शंका येते, दळले की प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. 2003 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चक्रीफुलाचा चहा पिऊ नये असा जाहीर इशारा दिला. तिथे सुमारे 40 जण आजारी पडले होते, त्यात 15 च्या आसपास तान्ही बाळे होती. झटके, उलट्या, थरथर अशीच लक्षणे. गोंदियाच्या डॉक्टरांनी आम्हाला हे सांगितले आणि 'ते फूल आणा' म्हणाले. पण चोथा आपांनी केव्हाच उकिरड्यावर टाकला होता. फूल असली होते की नकली, की उलटीचे कारण दुसरेच काही होते, हे कधीच कळले नाही. डॉक्टर एवढेच बोलले की सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही द्यायचे नाही, बडीशेपेचे पाणीसुद्धा नाही. आपांना ते पटायला वेळ लागला.

मोठ्या माणसांची गोष्ट वेगळी. जेवणानंतर चिमूटभर बडीशेप, पोट फुगले तर तिचे कोमट पाणी, यखनी पुलावाच्या पोटलीत धण्यांबरोबर तिचा एक चमचा, हे सगळे आपल्या घरचे. बिर्याणीच्या देगेत चक्रीफूलही हवेच, पण किलो-दीड किलो तांदळाला दोन फुले पुरतात. जास्त घातले की पुलाव औषधासारखा लागतो. 2009 मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा, टॅमीफ्लूचे औषध याच फुलापासून होते असे ऐकून काही लोक ते उकळून पीत होते. फुलातून शिकिमिक आम्ल काढून कारखान्यात त्यावर बऱ्याच प्रक्रिया झाल्यावर ते औषध बनते. पातेल्यात ते बनत नाही.

आता मालाविषयी. आपल्याकडची बडीशेप मुख्यतः गुजरात आणि राजस्थानची, आणि तिची मोठी पेठ मेहसाणा जिल्ह्यातले उंझा. गिऱ्हाईक हिरव्यागार दाण्यावर भाळते, म्हणून रंग मारला जातो. बडीशेपेला वरून रंग लावायला कायद्याने मनाई आहे. आम्ही कापडवाले रंग पक्का की कच्चा हे ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून पाहतो. तीच चिंधी इथेही चालते. मूठभर दाणे ओल्या सुती कापडात चोळा. कापड हिरवे झाले तर तो गोणा परत करा. दुसरी लबाडी म्हणजे तेल काढून घेतलेला माल. तो दिसायला ठीक असतो, पण दोन दाणे चावले तर तोंडात गोडवा येत नाही, भुसा चावल्यासारखे वाटते.

त्या घटनेनंतर आम्ही शेजारच्या दुकानदाराला सगळे सांगितले. त्याला वाईट वाटले. पुढच्या बाजारी त्याने बरण्या पुसून आणल्या आणि चिठ्ठ्या आम्हालाच लिहायला लावल्या, मराठीत आणि उर्दूत. एकीवर 'बडीशेप, सौंफ, नुस्ख्यातले बादियान'. दुसरीवर 'चक्रीफूल, बादियान खताई, फक्त मसाल्यासाठी, बाळाला नाही'. आता कोणी बादियान मागितले की तो दोन्ही बरण्या पुढे ठेवतो आणि विचारतो, बिर्याणीला हवे की पोटाला? तिसरी बरणी त्याने अनीसूनसाठी ठेवली आहे. ती रिकामीच आहे, कारण त्या बाजारात ते मागणारा अजून कोणी आला नाही.