जीवशास्त्र घेतले, पुढे काय?

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीचे पाणी अडवलेले आहे, हे तुम्हांपैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. हिरवी शैवले आणि भिरभिरणारे एकपेशीय जीव दिसतील. ज्याला हे पाहण्याची गोडी लागते, त्याला घरची माणसे लगेच सांगतात, "मग डॉक्टर हो!" वैद्यकीय प्रवेश हुकला की तोच मुलगा मान खाली घालून बी.एस्सी.ला जातो. तीन वर्षांत कोणत्या संधी येऊन गेल्या, हे त्याला पदवी हाती पडल्यावर कळते.

बोरी भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. याच कृष्णेच्या खोऱ्यात, सातारा जिल्ह्यातील नद्यांत, १९११ च्या सुमारास शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तशा प्रकारचा प्राणी तोवर आफ्रिकेतच ठाऊक होता. मालवणला जन्मलेले आघारकर तेव्हा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवीत. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील नेल्सन अॅनंडेल यांनी त्या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि आघारकरांना तेथे संशोधनाचे शिक्षण मिळाले. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेली जी संस्था त्यांनी उभी केली, ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आघारकरांना अशी मदत योगायोगाने मिळाली. आज तिच्यासाठी अर्ज करता येतो. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवडलेला विद्यार्थी सुमारे दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करतो व त्याला मानधनही मिळते. ही सोय शिक्षकांसाठीही आहे, हे आमच्या शिक्षक-वाचकांनी ध्यानात घ्यावे. मात्र अर्ज उन्हाळ्याच्या कित्येक महिने आधी भरावा लागतो. नेमके हेच लहान गावांत उशिरा समजते.

एम.एस्सी.साठी आय.आय.टी.सारख्या संस्थांत जायचे, तर 'जॅम' ही परीक्षा असते. तिच्या जैवतंत्रज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत रसायन, भौतिकी आणि बारावीच्या पातळीचे गणितही असते! तेव्हा दहावीनंतर "मला जीवशास्त्र घ्यायचे आहे, गणित कशाला?" असे म्हणून ते सोडून देण्यापूर्वी दोनदा विचार करा. एका पेशीपासून वीस मिनिटांनी दोन, मग चार, असे जीवाणू दहा तासांत किती होतील, हे गणिताशिवाय कसे सांगाल?

एम.एस्सी.नंतर सी.एस.आय.आर. आणि यू.जी.सी. यांची 'नेट' परीक्षा येते. तीत वरचा क्रमांक मिळवून संशोधनवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दराने दरमहा ३७,००० रुपये मिळतात. पीएच.डी. करताना घराकडे पैसे मागावे लागत नाहीत. शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट लहान नव्हे.

या वाटेवर ठिकठिकाणी प्राध्यापकांचे शिफारसपत्र मागतात. तीन वर्षे गप्प बसलेल्या मुलाबद्दल ते काय लिहिणार? पण त्याच्याजवळ बोरीच्या पाण्याची एक वही असेल, तीत तारीख, जागा, पाण्याचे तापमान आणि थेंबात दिसलेल्या जीवांची चित्रे असतील, तर त्यांना लिहायला पुष्कळ मिळते. अशी वही आठवीतही सुरू करता येते.