कलामांचा आदर आणि आपले प्रश्न

परवा शिरूरहून दौंडला नातेवाइकांकडे इफ्तारला गेलो होतो. मगरिबची अजान झाली, खजुराने रोजा सोडला. नमाजनंतर दस्तरखानावर गप्पा रंगल्या. शेजारचे रेल्वेत नोकरीला असलेले एक गृहस्थही आवर्जून आले होते. भिंतीवरचा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा फोटो पाहून ते म्हणाले, ‘‘चाचा, सगळे मुसलमान कलामांसारखे झाले तर किती बरं होईल!’’ त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. मीही हसलो. पण परतीच्या वाटेवर ते वाक्य मनातून जाईना.

कलामांवर आपले सर्वांचेच प्रेम आहे. 2015 पासून त्यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. माधुरी शानभाग यांनी मराठीत आणलेले ‘अग्निपंख’ कितीतरी घरांत सापडते. रामेश्वरमच्या स्टेशनावर धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे उचलणारा मुलगा पुढे राष्ट्रपती झाला, ही गोष्ट दौंडसारख्या रेल्वेच्या गावाला अधिकच जवळची वाटते.

पण कलाम जसे पुस्तकांचे, तसे शस्त्रांचेही होते. ‘अग्नी’ची पहिली चाचणी 22 मे 1989 रोजी झाली. 11 आणि 13 मे 1998 रोजी पोखरणला पाच अणुस्फोट झाले, तेव्हा ते डीआरडीओचे प्रमुख होते. त्यांना अणुबॉम्बचे जनक म्हणतात, ते मात्र बरोबर नाही. ते क्षेपणास्त्रांचे अभियंता होते. बॉम्ब घडवला तो ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील राजगोपाल चिदंबरम, अनिल काकोडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी.

बळाशिवाय जगात मान नाही, ही कलामांची भूमिका होती. ती अनेकांना पटली, अनेकांना पटली नाही. स्फोटांनी पोखरणजवळच्या खेतोलाई गावातील घरांना तडे गेले. त्याच महिन्यात पाकिस्याननेही स्फोट करून उत्तर दिले. 2009 मध्ये के. संथानम या त्यांच्याच जुन्या सहकाऱ्याने हायड्रोजन बॉम्बची चाचणी अपेक्षेइतकी यशस्वी झाली नव्हती, असे सांगितले. कलामांनी ते अमान्य केले. आमच्या समाजातही काहींना त्यांचे वीणावादन आणि गीतेचे वाचन खटकत असे.

निरपराध जिवाचे मोल साऱ्या मानवजातीएवढे मानणाऱ्या धर्माचा मी अनुयायी आहे. शहरेच्या शहरे जाळणाऱ्या शस्त्राचा अभिमान मला बाळगता येत नाही. तरीही कलामांचा फोटो भिंतीवरून उतरवावा, असे मला वाटत नाही. याचे कारण रमजानमधल्याच एका प्रसंगात आहे.

2002 च्या रमजानमध्ये राष्ट्रपती भवनातील इफ्तारची मेजवानी त्यांनी दिली नाही. ज्यांची पोटे भरलेली आहेत, त्यांना पुन्हा कशाला जेवू घालायचे, असा त्यांचा विचार होता. त्या पैशांतून अनाथाश्रमांना आटा, डाळ, ब्लँकेट, स्वेटर गेले. त्यांचे सचिव पी. एम. नायर यांनी लिहून ठेवले आहे की, कलामांनी स्वतःच्या खिशातून आणखी एक लाख रुपये दिले आणि ते कुणाला सांगू नका, असे बजावले. डाव्या हाताला कळू न देता उजव्या हाताने द्यावे, ही शिकवण आम्ही रमजानभर ऐकतो. त्यांनी ती पाळून दाखवली. ‘अग्नी’साठी तयार झालेल्या हलक्या पदार्थातून पोलिओग्रस्त मुलांसाठी हलके कॅलिपर बनवण्याचा आनंदही त्यांनी वारंवार सांगितला.

म्हणून कलामांच्या साधेपणाला सलाम करावा आणि बॉम्बविषयीचे प्रश्नही विचारावेत. प्रश्न विचारल्याने आदर कमी होत नाही. पण त्यांच्या नावाची फूटपट्टी करून इतरांना मोजू नये. काकोडकरांचे नाव घेऊन कुणी हिंदू शेजाऱ्याची परीक्षा घेत नाही. मग गॅरेजवाल्या सलीमने किंवा फळांच्या गाडीवरच्या रशीदने माणूस म्हणून मान मिळवण्यासाठी क्षेपणास्त्र का बनवावे? प्रामाणिकपणे गाडी दुरुस्त केली, वजनात खोट केली नाही, एवढे पुरे नाही का?

त्या रेल्वेवाल्या स्नेह्यांना ईदला शिरखुर्म्यासाठी शिरूरला बोलावले आहे. त्या दिवशी जे बोललो नाही, ते तेव्हा बोलेन. ते नक्की समजून घेतील, याची मला खात्री आहे.