प्रतिक्रिया बंद करू नका

काष्टीसारख्या गावात बसून वेबसाइट बनवणाऱ्याचं गिऱ्हाईक सहसा त्याला भेटायला येत नाही. ते आधी त्याची स्वतःची साइट उघडून बघतं. केलेली कामं तिथे दिसतातच, पण माणूस कामाला कसा आहे हे कळतं ते लेखांखालच्या प्रश्नोत्तरांतून. कोणी विचारतं, फॉर्ममध्ये मराठीत भरलेलं नाव डेटाबेसमध्ये प्रश्नचिन्हं होऊन का पडतं? त्याला सांगावं लागतं की टेबल ‘लॅटिन-१’वर राहिलंय, ते ‘यूटीएफ-८-एमबी-४’ करून घ्या. असं एक उत्तर पुढे कितीतरी जणांच्या उपयोगी पडतं. त्याच उत्तराखाली जुगार, कर्ज आणि औषधांच्या लिंका येऊन पडू लागल्या की अनेक डेव्हलपर वैतागून प्रतिक्रियांची सोयच काढून टाकतात. मला हा उपाय चुकीचा वाटतो. त्यात स्पॅम टाकणाऱ्याचं काहीच जात नाही, जातं ते वाचकाचं.

स्पॅम पाठवणारा प्रोग्रॅम लेख वाचत नाही. पुष्कळदा तो पानही उघडत नाही. वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या प्रणालीवर प्रतिक्रिया स्वीकारणाऱ्या फाइलचं नाव सगळ्या साइटवर एकच असतं, म्हणून मजकूर थेट तिथेच ढकलला जातो. हेतू मुख्यतः सर्च इंजिनच्या हिशेबात लिंकचं वजन वाढवण्याचा. ते मोडून काढायला जानेवारी २००५मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ आणलं: ही खूण असलेली लिंक मोजायची नाही. वर्डप्रेस ती प्रतिक्रियांतल्या लिंकांना आपोआप लावतं. तरी स्पॅम थांबला नाही, कारण हजार साइटवर टाकायचा आणि लाख साइटवर टाकायचा खर्च जवळपास सारखाच. कुठे लिंक मोजली जाते हे तपासत बसणं उलट महाग पडतं.

म्हणून पारख आधी वागणुकीची करावी. काष्टीच्या जनावरांच्या बाजारात खरा घेणारा दात बघतो, बैल चालवून बघतो, मगच भावाला बसतो; वाचकालाही वाचायला, टाइप करायला वेळ लागतोच. फॉर्म न उघडताच किंवा उघडल्यावर दोन-तीन सेकंदांत आलेली प्रतिक्रिया अडवली तर खऱ्या वाचकाला सहसा झळ लागत नाही. शिवाय फॉर्ममध्ये नजरेला न दिसणारा एक जादा रकाना ठेवावा. माणूस तो सोडून देतो, पान उघडणारा प्रोग्रॅम बहुधा भरून मोकळा होतो. मात्र अंध वाचक वापरतात तो स्क्रीन रीडर असा रकाना वाचून दाखवू शकतो, म्हणून त्याला ‘हा रकाना रिकामा ठेवा’ असं लेबल द्यायलाच हवं. ब्राउझर तो आपोआप भरणार नाही, हेही बघावं लागतं. एवढ्या खटाटोपापेक्षा चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा लावा, असं म्हणणारे अंध वाचकाला विसरतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने कॅप्चाची ही अडचण २००५मध्येच लिहून ठेवली आहे.

मराठी साइटसाठी आणखी एक युक्ती सुचवली जाते: देवनागरी अक्षर नसेल तर प्रतिक्रिया फेकून द्यायची. मोह होतो खरा, पण आपल्याकडचे कितीतरी लोक मोबाइलवर मराठी रोमन अक्षरांतच लिहितात आणि कोडची ओळ तर रोमनच असणार. लिपीवरून प्रतिक्रिया थांबवून ठेवावी, पुसू नये. अकिस्मेटसारखी स्पॅम चाळणारी सेवा बरंच काम हलकं करते, पण तिच्यासाठी वाचकाचा मजकूर आणि आयपी पत्ता बाहेरच्या सर्व्हरवर जातो. तसं फॉर्मखाली स्पष्ट लिहिणं हे साइटवाल्याचं कर्तव्य आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप आजचा आहे. एआय लेखाला धरून, सफाईदार मराठीत प्रतिक्रिया लिहू शकतं, मग या चाळण्या काय कामाच्या? आक्षेप खरा आहे, पण ज्या लिंकसाठी हा उद्योग चालतो ती कुठेतरी द्यावीच लागते, नावाला जोडून का होईना, आणि ती माणसाच्या नजरेतून सुटणं अवघड. नव्या माणसाची पहिली प्रतिक्रिया मंजुरीसाठी थांबवण्याची सोय वर्डप्रेसमध्ये मुळातच चालू असते. ती बंद करू नका. जुन्या लेखांवर फारच मारा होत असेल तर तेवढ्यांवरच प्रतिक्रिया बंद ठेवा. आणि थांबवलेल्यांची यादी रोज एकदा उघडून बघा, कारण तिच्यात उत्तराची वाट बघणारं कोणीतरी असू शकतं.