फ्रिजला हात लावला की झिणझिण्या? आधी भिंतीतलं सॉकेट बघा

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, भाषा मात्र बोलतानाचीच ठेवली आहे.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे ठरला. आपल्या श्रोत्या असलेल्या एक ताई नुकत्याच भाड्याच्या घरात राहायला गेल्या. फ्रिज जुनाच, आधीच्या घरात काही त्रास नव्हता. नव्या घरात मात्र ओल्या हाताने दार उघडलं की बोटांना झिणझिण्या येतात. त्यांनी जवळच्या वायरमनला बोलावलं. त्याने टेस्टर लावला, टेस्टर पेटला, आणि तो म्हणाला, "थोडं लीकेज असतंच हो. पायात चप्पल घालून उघडत जा." ताईंचा प्रश्न साधा होता: "चप्पल पुरेशी आहे का? घरात चार वर्षांचा मुलगा आहे, तो अनवाणीच फिरतो."

नाही ताई, पुरेशी नाही. का नाही, तेच आज बघू. आणि त्या निमित्ताने फ्रिज बसवताना आणि वापरताना कुठे जपायचं तेही बोलू.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. मिक्सर, इस्त्री, गीझर आपण वापरतो आणि बंद करतो. फ्रिज दिवसरात्र चालू असतो. आणि एकदा भिंतीला लागला की त्याच्या मागे कुणी डोकावत नाही. थेट पुढच्या शिफ्टिंगलाच आपण मागची बाजू बघतो. म्हणून बसवण्याच्या दिवशीचा अर्धा तास फार महत्त्वाचा.

झिणझिण्या येतात कुठून?

फ्रिजच्या प्लगला तीन पिना असतात. दोन सारख्या, आणि तिसरी जाड आणि लांब. ती जाड पिन म्हणजे अर्थिंग. ती आतून फ्रिजच्या लोखंडी अंगाला जोडलेली असते. लांब अशासाठी की प्लग घालताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी.

कंप्रेसरच्या वाइंडिंगमधून किंवा फ्रिजमधल्या सर्किटमधून अगदी थोडा करंट अंगावर येऊ शकतो. अर्थिंग नीट असेल तर तो हिरव्या वायरने जमिनीत जातो, आपल्याला कळतही नाही. अर्थिंग नसेल तर तो फ्रिजच्या पत्र्यावरच थांबतो आणि वाट शोधतो. ओला हात आणि ओली फरशी मिळाली की ती वाट म्हणजे आपण. म्हणजे ताईंचा फ्रिज बिघडलेला असेलच असं नाही. आधीच्या घरात त्रास नव्हता, इथे आहे, यावरून पहिला संशय भिंतीतल्या सॉकेटवरच जातो.

आज नुसत्या झिणझिण्या आहेत. उद्या उंदराने वायर कुरतडली किंवा कंप्रेसरचं इन्शुलेशन गेलं, तर त्याच पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील. अर्थिंग असतं तर अशा वेळी मोठा करंट वाहून एमसीबी पडली असती. अर्थिंग नाही, म्हणून काहीच पडणार नाही. फ्रिज मजेत चालू राहील आणि पहिला जो हात लावेल त्याला शॉक बसेल.

फ्रिजखालच्या प्लास्टिकच्या स्टँडचंही तेच. "स्टँड आहे, मग शॉक कसा लागेल?" असं पुष्कळ जण विचारतात. स्टँडमुळे फ्रिज ओल्या फरशीपासून वर राहतो, गंज लागत नाही, तेवढंच. पत्र्यावर करंट आलाच तर स्टँड त्याला जमिनीत जाऊ देत नाही. तो तुमची वाट बघत बसतो.

सॉकेट उघडून दाखवायला सांगा

वायरमनला बोलावलंत की मेन स्विच बंद करून ते सॉकेट उघडायला सांगा आणि स्वतः बघा. तीन वायर दिसल्या पाहिजेत आणि हिरवी वायर वेगळी, भिंतीतून आलेली असली पाहिजे. जुन्या चाळीत, वाड्यात, गावाकडच्या घरात बऱ्याचदा दोनच वायर निघतात. तिसऱ्या भोकाला आत काहीच जोडलेलं नसतं.

याहून वाईट प्रकार म्हणजे अर्थिंगच्या टर्मिनलला न्यूट्रलपासून वायरचा छोटा तुकडा जोडून दिलेला असतो. झिणझिण्या लगेच थांबतात, सगळे खूश. पण हा जुगाड जीवघेणा आहे. कधीतरी न्यूट्रल कुठेतरी तुटते किंवा सैल होते. मग फेजचा करंट फ्रिजमधून फिरून त्या तुकड्यातून फ्रिजच्या अंगावर येतो. बिघाड नसलेला, चांगला फ्रिज पूर्ण व्होल्टेजने जिवंत होतो. असा तुकडा दिसला तर तो काढून स्वतंत्र अर्थिंगची वायर ओढून घ्यायची. भाड्याचं घर असेल तर घरमालकांशी बोला, पण हे काम टाळू नका.

दुसरी गोष्ट, आरसीसीबी. बोलीत ईएलसीबी म्हणतात. "आमच्याकडे एमसीबी आहे की!" हे उत्तर नेहमी मिळतं. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरच्या वर गेल्यावरच पडण्याचा विचार करते. माणसाच्या छातीतून अँपिअरचा दहावा भाग जरी गेला तरी हृदय थांबू शकतं. आरसीसीबी वेगळं काम करते. जेवढा करंट गेला तेवढा परत आला का, एवढंच ती मोजते. घरासाठीची ३० मिलीअँपिअरची असते. तेवढा फरक पडला की ती क्षणात सप्लाय तोडते. तिच्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. पडली तर ठीक, नाही पडली तर बदला.

आणि हे अजिबात नको: जाड पिन कापून टू-पिनमध्ये घालणं, मोठा प्लग छोट्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून बसवणं, आणि फ्रिज एक्स्टेंशन बोर्डावर चालवणं. कंप्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. ढिल्या सॉकेटमध्ये तिथे उष्णता तयार होते. प्लग हाताला गरम लागत असेल किंवा सॉकेट पिवळट, काळपट झालं असेल तर ते आजच बदला.

जागा आणि पहिला दिवस

फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी दिसायची, नव्यात ती नळी बऱ्याचदा बाजूच्या पत्र्याच्या आत असते. म्हणून फ्रिजच्या बाजू गरम लागतात. त्यात बिघाड काही नाही. पण त्या उष्णतेला जायला जागा हवी. किती, ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. नसेलच मिळत तर मागे आणि दोन्ही बाजूंना चार बोटं तरी ठेवा. फर्निचरवाल्याने घट्ट खण केला, वर कव्हर, त्यावर स्टॅबिलायझर, त्यावर औषधांचे डबे, असं झालं की कंप्रेसरला उसंतच मिळत नाही.

शेगडीपासून लांब, थेट ऊन येणार नाही असं ठेवा. पुढचे पाय किंचित उंच करा, म्हणजे दार आपोआप मिटेल.

टेम्पोतून आणताना फ्रिज उभाच आणा. आडवा केला तर कंप्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये शिरतं. आणल्यावर काही तास उभा ठेवा, मगच चालू करा. बराच वेळ आडवा राहिला असेल तर रात्रभर थांबा. आणि चालू केल्यावर तीन-चार तास रिकामाच चालवा, मग सामान भरा.

बर्फ आणि सुरी

आता स्वयंपाकघरातली जुनी सवय. सिंगल डोअर फ्रिजच्या फ्रीझरमध्ये बर्फ साचतो, भांडं चिकटतं, आणि आपण सुरी किंवा उलथनं घेऊन खरवडायला लागतो. त्या फ्रीझरची पातळ ॲल्युमिनियमची भिंत म्हणजेच गॅसची वाट असते. टोक लागलं की भोक, आणि गॅस बाहेर.

हा गॅस कोणता? पूर्वी फ्रिजमध्ये जे वायू असत, त्यांनी ओझोनच्या थराला भोक पडत होतं. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते हळूहळू बंद झाले. आज घरगुती फ्रिजमध्ये बऱ्याचदा आर ६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. हा आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊबंद, म्हणजे ज्वलनशील. घाबरू नका. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, फ्रिजमध्ये बहुतेक वेळा शंभर ग्रॅमच्याही आत, आणि तोही सीलबंद नळीत. पण सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, याला नसतो. भोक पडून 'स्स्स' असा आवाज आला तर ज्योत पेटवू नका, स्विचला हात लावू नका, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा. तुमच्या फ्रिजमध्ये कोणता गॅस आहे ते मागच्या लेबलवर लिहिलेलं असतं. पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र असेल तर दुरुस्तीला येणाऱ्याला तो आधी दाखवा.

मग बर्फ काढायचा कसा? पाव इंच साचला की डिफ्रॉस्टचं बटण दाबा किंवा फ्रिज बंद करून दार उघडं ठेवा. घाई असेल तर आत कोमट पाण्याचं भांडं ठेवा. बाकी काही नको.

सिलिंडरचा वास आला तर

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. फ्रिजचा कंप्रेसरही खालीच असतो, आणि तो आपला आपण चालू-बंद होतो. त्या वेळी बारीक ठिणगी पडू शकते. म्हणून रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायची सवय लावा. सकाळी स्वयंपाकघरात वास आला तर दिवा लावू नका, फ्रिजचं दार उघडू नका, फ्रिजचं बटण बंदही करू नका. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ या हेल्पलाइनला फोन करा.

आतला थंडावा

डायलवरचे आकडे म्हणजे अंश सेल्सिअस नाहीत. ७ म्हणजे ७ अंश नव्हे, सगळ्यात जास्त थंड. आत ५ अंश किंवा त्याहून कमी हवं, फ्रीझरमध्ये उणे १८. छोटा थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा, खरं काय ते कळेल.

लाइट गेली तर दार उघडून बघत बसू नका. बंद दारात खालचा भाग साधारण चार तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. त्यापुढे दूध, वरण, भात, चिकन, मासळी यांचा मोह नको. "वास तर येत नाहीये" हा पुरावा नाही. आजारी पाडणारे जंतू प्रत्येक वेळी वास देत नाहीत. लोणचं, मुरांबा यांना काही होत नाही. आणि लाइट सारखी ये-जा करत असेल तर फ्रिज बंद करून ठेवा, स्थिर झाल्यावर पाचेक मिनिटांनी चालू करा.

पावसाळ्यात आणखी एक काम. कंप्रेसरच्या वर मागच्या बाजूला पाणी साचायचा ट्रे असतो. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दर आठवड्याला ट्रे रिकामा करून घासून कोरडा करा. अर्थात प्लग काढून.

जुना फ्रिज

नवा आला की जुना गॅलरीत जातो. तिथे ठेवायचाच असेल तर दार काढून ठेवा, निदान दोरीने पक्कं बांधा. लहान मुलं लपाछपीत आत शिरतात, आणि आत हवा फार वेळ पुरत नाही. भंगारात देताना नळी कापू देऊ नका. फ्रिज हा ई-कचरा आहे, नोंदणीकृत संकलनालाच द्या.

शेवटी ताईंचं काय झालं?

ताईंना आम्ही सांगितलं की आधी स्विच बंद करा, मग प्लग काढा, आणि दुसऱ्या वायरमनकडून सॉकेट उघडून बघा. चार दिवसांनी त्यांचा मेसेज आला. हिरवी वायर होती, पण सॉकेटच्या मागे सुटी लोंबकळत होती, कुणी स्क्रूखाली घातलीच नव्हती. दहा मिनिटांचं काम. आता टेस्टर पेटत नाही. आरसीसीबीसाठी त्या घरमालकांच्या मागे लागल्या आहेत.

तर मंडळी, आज रात्री एवढंच करा. फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे ओढा आणि मागे बघा. प्लग गरम आहे का, वायर कुरतडली आहे का, ट्रेमध्ये पाणी आहे का. आणि हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर चप्पल शोधू नका, वायरमन शोधा.

तुमचे प्रश्न नेहमीप्रमाणे पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!