खोळंब्याचे गणित

एखाद्या कचेरीत अर्ज महिनोन्महिने पडून राहिला, रुग्णालयाच्या ओसरीवर माणसे सकाळपासून ताटकळली, अथवा कारखान्यात अर्धवट तयार झालेल्या मालाच्या थप्प्या भिंतीला जाऊन टेकल्या, की आपले मन प्रथम अपराधी इसमाच्या शोधास लागते. कोणीतरी आळशी असला पाहिजे, कोणीतरी गाफील असला पाहिजे, आणि त्याच्यावर एखादा कडक वरिष्ठ नेमला म्हणजे काम सुरळीत चालेल, अशी आपली सरळ समजूत असते. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु कार्यव्यवस्थापनाच्या शास्त्राने गेल्या शंभराहून अधिक वर्षांत जे सिद्ध केले, त्यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, सगळे इसम उद्योगी, प्रामाणिक आणि कामात गढलेले असूनही खोळंबा होऊ शकतो; किंबहुना कोणालाही क्षणभर रिकामे राहू द्यायचे नाही ह्या अट्टाहासातूनच तो पुष्कळदा जन्मास येतो.

ह्या विचाराचे मूळ कोपनहेगन शहराच्या टेलिफोन कारभारात आहे. आग्नर एरलांग हे डॅनिश गणिती १९०८ साली तेथील टेलिफोन कंपनीच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा दोन ग्राहकांच्या तारा जोडून देण्याचे काम केंद्रात बसलेल्या स्त्रिया हाताने करीत असत, आणि कंपनीपुढील प्रश्न अगदी व्यावहारिक होता: वाहिन्या किती टाकाव्यात आणि माणसे किती नेमावीत? कमी नेमली तर ग्राहक ताटकळतात, अधिक नेमली तर पगाराचा बोजा वाढतो. दिवसभरातील एकूण मागणीला तासांनी भागून सरासरी काढली आणि तेवढ्यापुरती माणसे ठेवली म्हणजे भागेल, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. पण लोक काही सरासरीच्या हिशेबाने बोलत नाहीत. एका मिनिटात दहाजण एकदम बोलू पाहतात आणि पुढची पाच मिनिटे सामसूम असते. एरलांगांनी १९०९ सालच्या निबंधात ह्या अनियमिततेलाच संभाव्यतेच्या गणिताचा नियम लावून दाखविला, आणि १९१७ साली, अमुक वाहिन्या व अमुक मागणी असता किती ग्राहकांना परतावे लागेल व किती काळ थांबावे लागेल, हे सांगणारी सूत्रे प्रसिद्ध केली. दूरध्वनीवरील वाहतूक मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय परिमाणाला १९४६ साली त्यांचेच नाव देण्यात आले.

त्या गणिताचा आशय समजण्यास एक खिडकी आणि एक कारकून एवढे साहित्य पुरे आहे. प्रत्येक माणसाच्या कामास सरासरी सहा मिनिटे लागतात, कोणाला कमी, कोणाला जास्त, आणि माणसे पूर्वसूचना न देता आपापल्या सवडीने येतात, असे धरू. कारकुनाचा निम्मा वेळ कामात आणि निम्मा रिकामा जात असेल, तर येणाऱ्याला आपली पाळी येण्यापूर्वी सरासरी ६ मिनिटे थांबावे लागते. कारकून शेकडा ८० वेळ कामात असेल, तर ही प्रतीक्षा २४ मिनिटांवर जाते. शेकडा ९० झाला, की ५४ मिनिटे. आणि शेकडा ९५ झाला, की ११४ मिनिटे, म्हणजे जवळजवळ दोन तास. शेवटच्या टप्प्याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे, कारण त्यात कारकुनाकडून शेकडा पाच एवढेच काम अधिक मिळाले आणि त्यापायी रांगेतील प्रत्येक माणसाचा आणखी एक तास खर्ची पडला. कारकुनाचा वेळ हजेरीपत्रकात आणि पगाराच्या बिलात दिसतो. रांगेतल्या माणसाचा वेळ मात्र कोणत्याही दप्तरात नोंदला जात नाही, आणि जे नोंदले जात नाही त्याची काटकसर करण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

असे का व्हावे? कारण रिकामा गेलेला वेळ साठवून ठेवता येत नाही. सकाळी कोणी आले नाही म्हणून वाया गेलेली दहा मिनिटे दुपारच्या गर्दीला उसनी देता येत नाहीत. उलट दुपारी साचलेली गर्दी उपसण्यास पुढे मोकळा वेळ शिल्लकच नसेल, तर ती वाढतच जाते. इंग्लंडमधील गणिती जॉन किंगमन ह्यांनी १९६१ साली ह्या प्रश्नाचे जे सूत्र दिले, त्यात प्रतीक्षा तीन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: कामाचा भार, प्रत्येक कामास लागणारा वेळ आणि अनियमितता, म्हणजे माणसांच्या येण्यातील व कामाच्या लांबीतील चढउतार. भार कमी करण्यास पैसा लागतो, परंतु चढउतार कमी करण्यास बहुधा बुद्धी पुरते. भेटीची वेळ आधी ठरवून देणे, अर्ज अपुऱ्या कागदपत्रांसह खिडकीपर्यंत पोहोचूच न देणे, दोन मिनिटांची कामे आणि अर्ध्या तासाची कामे वेगळी काढणे, चार खिडक्यांपुढे चार रांगा न लावता एकच रांग लावून जी खिडकी मोकळी होईल तिच्याकडे पहिल्या माणसास पाठविणे, ह्या साध्या उपायांनी कोणालाही अधिक न राबविता रांग आखूड होते.

त्याच १९६१ साली अमेरिकेतील जॉन लिटल ह्यांनी आणखी एका नियमाची सिद्धता प्रसिद्ध केली, आणि त्याचा सोपेपणा पाहून प्रथम विश्वास बसत नाही. एखाद्या व्यवस्थेत सरासरी जेवढी कामे शिल्लक असतात, त्यांना रोज निकालात निघणाऱ्या कामांनी भागिले, की एका कामास लागणारा सरासरी काळ मिळतो. टेबलावर ३०० प्रकरणे आहेत आणि रोज १० ची निर्गती होते. तर नव्या अर्जदारास सरासरी ३० कामाचे दिवस थांबावे लागणारच. येथे ताकीद देऊन, स्मरणपत्रे धाडून किंवा लाल शाईने ‘तातडीचे’ असा शेरा मारून ही सरासरी हलत नाही. तातडीचे एक प्रकरण पुढे सरकले, की त्याने ओलांडलेली इतर सारी मिळून तेवढीच मागे सरकतात. काळ कमी करावयाचा तर शिल्लक कमी केली पाहिजे, अथवा रोजची निर्गती वाढविली पाहिजे. तिसरा मार्ग नाही.

आपल्याकडील शासकीय कारभारात ह्या नियमाची जाण अजिबात नव्हती असे मात्र नाही. १९८० च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना ह्यांनी आपल्या कचेरीची जी फेररचना केली, ती ‘लखीना पॅटर्न’ ह्या नावाने राज्यभर प्रसिद्धीस आली. अभिलेख कक्षातील दस्त वेळेवर सापडावेत, कारकुनाच्या बसण्याची जागा व टेबल कामाच्या ओघास अनुकूल असावे, आणि आलेल्या नागरिकाला कोणाकडे जावे हे विचारत हिंडावे लागू नये, ह्या गोष्टींना तीत धोरणाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्राच्या कचेऱ्यांत रूढ असलेली सहा गठ्ठे पद्धतही मला शास्त्रदृष्ट्या फार मोलाची वाटते. कारकुनाच्या ताब्यातील कागदांचे ती प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाचे आणि नष्ट करावयाचे असे सहा भाग पाडते. ह्यातील खरे मर्म पहिल्या दोन गठ्ठ्यांत आहे. जे काम आपणास आज करता येण्यासारखे आहे ते एका बाजूस, आणि जे दुसऱ्या कचेरीच्या उत्तरासाठी अडलेले आहे ते दुसऱ्या बाजूस, एवढा भेद केला की आपला खोळंबा आणि परक्याचा खोळंबा निरनिराळे दिसू लागतात. ते मिसळलेले असेपर्यंत प्रत्येकास दुसऱ्याकडे बोट दाखविण्याची मुभा असते. एक अर्ज महिनाभरात पाच टेबलांवरून जातो आणि प्रत्येक टेबलावर त्यास वीस मिनिटे लागतात असे धरले, तर प्रत्यक्ष काम एक तास चाळीस मिनिटांचेच आहे. महिन्याचा उरलेला सगळा काळ तो अर्ज गठ्ठ्यात निजलेला असतो. म्हणून वीस मिनिटांचे काम पंधरा मिनिटांत उरकण्यासाठी कारकुनाच्या पाठीस लागण्यात फारसे हशील नसते. कमी करावयाचे ते गठ्ठ्यात निजणे.

कारखानदारीत हीच गोष्ट मोठ्या किमतीने शिकली गेली. हेन्री फोर्ड ह्यांच्या हायलँड पार्क येथील कारखान्यात १९१३ साली सरकत्या साखळीवर मोटारी जोडण्यास आरंभ झाला, आणि एका मोटारीचा सांगाडा जोडण्यास लागणारा साडेबारा तासांचा काळ पुढील वर्षी ९३ मिनिटांवर आला. काम माणसाकडे चालत येऊ लागले, म्हणजे मधली प्रतीक्षा आणि चालणे नाहीसे झाले, हेच त्याचे रहस्य होते. तथापि एकाच नमुन्याचा माल अमर्याद काढीत राहण्याची चैन ज्यांना परवडत नव्हती त्या युद्धोत्तर जपानात, टोयोटा कंपनीतील ताइइची ओनो ह्यांनी ह्या विचारास वेगळे वळण दिले: पुढच्या टप्प्याने जेवढा जिन्नस उचलला तेवढाच मागच्याने तयार करावा, आणि मागणीची चिठ्ठी आल्याखेरीज हात चालवू नये. ह्या चिठ्ठ्यांची संख्या मर्यादित असल्यामुळे शिल्लक आपोआप मर्यादित राहते, आणि लिटल ह्यांचा नियम आपल्या बाजूने काम करू लागतो. चिठ्ठी न आलेला कामगार काही वेळ थांबून राहतो, हे त्या व्यवस्थेत दूषण मानले जात नाही.

मग रिकामा वेळ सर्वत्र सारखाच चांगला काय? नाही. ज्या टप्प्याची क्षमता सर्वांत कमी असते, त्यावरच साऱ्या व्यवस्थेचा वेग ठरतो. तेथे वाया गेलेला एक तास हा संपूर्ण कारखान्याचा तास असतो, आणि इतरत्र वाचविलेला तास हा केवळ भास असतो. इस्रायली पदार्थविज्ञ एलियाहू गोल्डरॅट ह्यांनी १९८४ साली चक्क कादंबरीच्या रूपाने हा सिद्धांत जगापुढे मांडला. पण आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या आवारात हंगामाच्या दिवसांत उभे राहिलेल्या कोणासही तो डोळ्यांनी दिसतो. गाळपाची यंत्रे अहोरात्र चालू राहिली पाहिजेत म्हणून गव्हाणीपुढे उसाचा साठा हवा, आणि त्यासाठी बैलगाड्या व ट्रॅक्टर आवारात नंबर लावून उभे असतात. यंत्रापुढे थोडा साठा असणे शास्त्राला धरूनच आहे. परंतु तोडलेला ऊस तासातासाने वजनात व साखरेत घटतो, आणि गाडीवान व त्याचे बैल थंडीत रात्र काढतात. ह्या प्रतीक्षेचा खर्च यंत्राच्या खात्यावर पडत नसल्याने साठा किती असावा ह्याचा हिशेब फारसा काटेकोरपणे मांडला जात नाही. तोडणीचे आणि वाहतुकीचे वेळापत्रक गाळपाच्या गतीशी जुळविणे ही माझ्या मते दयेची बाब मानू नये. तो शुद्ध गणिताचा प्रश्न आहे.

अडलेल्या टप्प्याभोवती संपूर्ण व्यवस्था रचण्याचे मला माहीत असलेले सर्वांत उदात्त उदाहरण मदुराईचे आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी ह्यांची बोटे तारुण्यातच संधिवाताने वाकडी झाली होती. तरी त्यांनी नेत्रशस्त्रक्रियेत प्रावीण्य मिळविले, आणि सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ साली ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. देशात मोतीबिंदूने अंध झालेले लोक अगणित आणि नेत्रशल्यविशारद मोजके; म्हणजे अडलेला टप्पा शल्यविशारदाचा वेळ हाच होता. त्यांनी एका शल्यविशारदासाठी दोन टेबले मांडली. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असता शेजारच्या टेबलावर दुसरा रुग्ण पूर्ण तयार होऊन पडलेला असतो. पहिली संपताच सूक्ष्मदर्शक वळवून शल्यविशारद दुसरीस हात घालतो, आणि मागे पट्टी बांधण्याचे, उपकरणे बदलण्याचे व पुढील रुग्ण आणण्याचे काम परिचारिका करतात. ह्या परिचारिका बहुतांशी खेड्यांतून निवडून संस्थेनेच शिकविलेल्या मुली असतात. दृष्टी तपासणे, डोळ्यांचा दाब मोजणे, रुग्णाला समजावून सांगणे, असे जे जे काम शल्यविशारदाच्या ज्ञानावाचून होण्यासारखे होते ते ते त्याच्या हातून काढून ह्या मुलींच्या हाती सोपविले गेले. त्यामुळे तेथील एक शल्यविशारद वर्षाला २००० च्या आसपास शस्त्रक्रिया करू शकतो, आणि रुग्णांच्या मोठ्या वर्गावर विनामूल्य किंवा नाममात्र दरात उपचार होतात. वरवर पाहता दुसरे टेबल काही मिनिटे नुसते अडवून ठेवलेले असते. परंतु टेबल स्वस्त आहे आणि शल्यविशारदाचे मिनिट महाग आहे, हे ज्याने ओळखले त्याला त्या मिनिटांचे दुःख होत नाही.

एक टप्पा मोकळा झाला, की अडचण पुढच्या टप्प्यावर जाऊन बसते, हा ह्या शास्त्राचा पुढला धडाही तेथेच पाहावयास मिळतो. शस्त्रक्रिया वेगाने होऊ लागल्यावर डोळ्यात बसविण्याचे परदेशी भिंग गरिबाच्या आवाक्याबाहेरचे ठरू लागले. तेव्हा १९९२ साली अरोलॅब ही निर्मितीसंस्था स्थापून ती भिंगे मदुराईतच, परदेशी किमतीच्या एका लहानशा अंशात, तयार होऊ लागली. नंतर ध्यानात आले की, गावात शिबिर भरले, तपासणीस पैसे पडत नाहीत, तरी गरजूंपैकी फार थोडे पुढे येतात. कारण शहरापर्यंतचे भाडे, तेथील जेवण, बुडणारी मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा खोळंबा ह्यांचा हिशेब म्हाताऱ्या माणसाच्या घरातच अडलेला असतो. म्हणून रुग्णाला मोटारीने नेण्याची, जेवू घालण्याची आणि परत आणून सोडण्याची तजवीज शस्त्रक्रियेचाच भाग मानली गेली, आणि पुढे शिबिरांवर न विसंबता खेड्यांतूनच कायमची दृष्टिकेंद्रे उघडण्यात आली, जेथे शिकविलेली मुलगी डोळे तपासते आणि दूरच्या रुग्णालयातील डॉक्टर दूरसंवाद यंत्रणेद्वारे रुग्णाशी बोलून कोणास पुढे पाठवावयाचे ते तिला सांगतो.