केसपेपरवर नुसतं ‘पडून मार’ लिहू नका

कॅज्युअल्टीत मी आधी जखम कुठे आहे ते बघते. घसरून पडलेल्या बाईचं कोपर खरचटतं, गुडघा फुटतो. दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांचे वळ उठत नाहीत. नवरा शेजारी उभा असला की मार खाल्लेली बाई ‘मोरीत पाय घसरला’ असंच सांगणार. म्हणून त्याला केसपेपर काढायला पाठवायचं, पडदा ओढायचा आणि सरळ विचारायचं, “ताई, कुणी मारलं का?” कितीतरी जणींना हे आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं २००० साली अशा बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. समुपदेशक रुग्णालयातच भेटते, हे मला फार मोलाचं वाटतं. पोलीस ठाण्यात जाऊ न देणारं घर दवाखान्यात जाऊ देतं.

कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यानं तक्रार नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत. जखमेचं माप, रंग, कुणी आणि कशानं मारलं, सगळं तिच्याच शब्दांत लिहायचं. पुढे कोर्टात तोच कागद लागतो. घरी जाणं धोक्याचं असेल, तर डॉक्टरांना सांगून तिला रात्रभर निरीक्षणाखाली वॉर्डात ठेवून घ्यायचं.